देव्हाऱ्यातला डबा

आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या जोडीला पत्र्याचा एक चपटा डबा आहे. बिस्किटांचा असावा, झाकणावरचे चित्र केव्हाच पुसून गेले आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, बासरहून आणलेली सरस्वतीची तसबीर आणि त्यांच्या पायाशी हा डबा. संध्याकाळी दिवा लावताना हळदकुंकवाची दोन बोटे त्याच्यावरही उमटतात. आईने ती पद्धत घालून दिली आणि मला ती मोडवत नाही. मागे एकदा शेजारच्या काकू प्रसादाला आल्या होत्या. देवांना नमस्कार करून झाल्यावर त्यांनी डब्यालाही मनोभावे हात जोडले आणि हळूच मला विचारले, “कुठला अंगारा आहे गं?”

मी म्हणाले, “नांदेडचा.”

ते काही अगदीच खोटे नव्हते. त्या डब्यात माझ्या दादाच्या गोळ्या असतात.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून आला तो एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. रिचर्ड डॉकिन्स नावाच्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने ते २००६ साली लिहिले. देव हा माणसाचा भ्रम आहे, असे त्या पुस्तकाचे नावच सांगते. मुलाला नुकते विसावे लागले होते. त्या वयात नवे पुस्तक हाती आले म्हणजे जुने घर फार ठेंगणे वाटू लागते. त्यात त्याचा काही दोष नाही. मी चिवड्याला फोडणी देत होते. तो दाराशी टेकून उभा राहिला आणि म्हणाला,

“आई, मामा देवीशी बोलायचा, तेव्हा तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. आजीही देवीशीच बोलायची. तिला कधी नेलं नाही. दोघांत फरक काय होता?”

बाहेर ओट्यावर दादा आकाशकंदिलाचा कागद कातरत बसला होता. कात्रीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी कढईकडे पाहत म्हणाले, “हात धुऊन घे, फराळ वाढते.”

वर्गातल्या मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला म्हणजे त्यांना पाणी पिऊन यायला सांगावे, ही आम्हा मास्तरलोकांची जुनी युक्ती. पण घरच्या मुलावर ती फार दिवस चालत नाही. हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर आहे.

धर्माबाद हे सरहद्दीवरचे गाव. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. मिरचीचा मोसम सुरू झाला की परगावचा पाहुणा स्टेशनवर उतरल्या उतरल्या शिंकू लागतो. वडील लवकर गेल्यामुळे आई मिरच्यांचे देठ खुडायला जाई. रात्री तिच्या हातांची आग आग होई. खोबरेल तेल चोळून ती देव्हाऱ्यापुढे बसे आणि सरस्वतीच्या तसबिरीला सांगे, “बाई, आज लई भाजलं गं.” जशी शेजारीण शेजारणीला सांगते तसे. कधी ती त्या देवीवर रागावे. धान्याचा डबा रिकामा झाला, की दिवा लावताना तसबिरीकडे न पाहताच ती काडी ओढी. “आज मी तिच्याशी बोलत नाही,” असे आम्हाला सांगे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणे सुरू.

ही सरस्वती बासरची. बासर आमच्यापासून जवळच, गोदावरीच्या काठी. तेव्हा ते आंध्रात होते, २०१४ पासून तेलंगणात आहे. लेकराने पहिले अक्षर तिथे गिरवावे, अशी या भागातली रीत. वसंतपंचमीला तर देवळात पाटीला पाटी लागते. दादाने आणि मी, दोघांनीही पहिली अक्षरे तिथेच काढली. आज मी बालवर्गाला शिकवते. वर्गात कितीतरी मुले बासरची पाटी गिरवून आलेली असतात. त्यांचे अक्षर इतरांपेक्षा वळणदार असते, असा मात्र माझा अनुभव नाही. आणि तरीही माझ्या मुलाला मी बासरलाच नेले होते. का नेले, असे त्याने विचारलेच तर सांगीन : माझ्या आईने मला नेले होते म्हणून. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हुशार, अबोल, गणितात पक्का. तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता आणि मी दहावीला. आमच्या घरी दहावीला अजून मॅट्रिकच म्हणत. त्या वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ला, गुरुवारी, देशभर गणपती दूध प्यायला. ज्यांना तो दिवस आठवतो ते वाचक आत्ता गालात हसले असतील. पहाटे दिल्लीकडे कुठेतरी सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत टेलिफोनवरून ती बातमी गावोगाव पोहोचली. पितृपंधरवडा चालू होता. पण पितरांच्या खिरीचे दूधसुद्धा बायांनी देवळात नेले. मीही रांगेत होते. चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला की दूध खरोखरच हळूहळू कमी होई. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याच दिवशी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले की ते मूर्तीत जात नाही. द्रवाच्या पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढले जाते आणि दगडावरून पातळ थर होऊन खाली ओघळते. पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही, एवढेच. दोन दिवसांत सारे गाव आपापल्या कामाला लागले. काहींनी ‘चमत्कार’ म्हटले, काहींनी ‘खूळ’ म्हटले, बहुतेकांनी दुधाचा भाव किती चढला होता याचीच चर्चा केली.

लाखो माणसे एकाच दिवशी चुकली. माझ्या मुलाला हे उदाहरण फार आवडेल. लाखांनी मानले म्हणून खोट्याचे खरे होत नाही, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या लाखांपैकी जवळजवळ सारे दुसऱ्या दिवशी परत आले. आमच्या घरातला एक आला नाही.

दादाही त्या दिवशी देवळात होता. रात्री जेवताना तो आईला म्हणाला, “गणपती आपणहून दूध पीत नव्हता. मी मनात आणलं, तेव्हाच प्यायला.” आईला ती थट्टा वाटली. मग तो रात्री जागू लागला. बासरची सरस्वती आपल्याशी बोलते, असे तो सांगू लागला. कॉलेजात जाऊ नको, असे ती म्हणाली. तो जाईनासा झाला. मीठ खाऊ नको म्हणाली. त्याने मीठ सोडले. आई रोज जिच्याशी बोले, ती देवी आता मुलाशी बोलू लागली, यात घाबरण्यासारखे काय होते? आईला तर प्रथम धन्यताच वाटली. हे मी तिला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरात देवीची जागा आधीपासूनच होती. आजार तिचेच लुगडे नेसून आत आला. त्याला ओळखायचे कोणी?

गल्लीत बोलबाला झाला, की पोराला वाचासिद्धी झाली. लोक नारळ घेऊन येऊ लागले. हरवलेली म्हैस, रखडलेले लग्न, अडलेला खटला. दादा कोपऱ्याकडे टक लावून पाही, कान देऊन ऐके आणि एखादा शब्द बोले. खरे ठरले ते लोकांनी लक्षात ठेवले, खोटे ठरले ते विसरले. ओट्यावर नारळांची रास पडे. उपाशी राहावे लागले नाही असे आमचे ते पहिलेच वर्ष. हे सांगायला जीभ जड होते, पण सांगितले पाहिजे : त्याच्या आजारावर आमचे घर चालले.

आणि मी? मार्चमध्ये परीक्षा होती आणि माझे बीजगणित कच्चे होते. एका संध्याकाळी, आई घरात नाहीसे पाहून, मीही दादापुढे जाऊन बसले. “दादा, मी पास होईन का?” ज्याने मला बेरजा शिकवल्या, ज्याने माझ्या चुकलेल्या गणितांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या, त्याला मी गणित विचारले नाही; त्याच्या कोपऱ्यातल्या देवीला विचारले. तो बराच वेळ कोपऱ्याकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग म्हणाला, “हो म्हणते.”

जून १९९६मध्ये मी पास झाले. पेढे आणून त्याच्या पायांवर डोके ठेवले. आज कळते, की त्या दिवशी मी माझ्या भावाच्या आजाराला नमस्कार केला. पुढचे शिक्षण झाले नाही. दादाला सांभाळण्यात ती वर्षे निघून गेली. माझी सारी पदवी म्हणजे ते एक मॅट्रिकचे प्रमाणपत्र, आणि त्याला तो नमस्कार चिकटलेला आहे.

पुढच्या वर्षी देवीचा स्वभाव बदलला. ती शिव्या देऊ लागली. शेजारी अन्नात विष घालतात असे सांगू लागली. दादा खाईना, न्हाईना. नारळवाले हळूहळू यायचे थांबले. कारण आता तो लोकांना हवे ते सांगत नव्हता. १९९७ सालची भाऊबीज आली. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी ठेवली. यम बहिणीच्या घरी जेवला तो हा दिवस; बहिणीने ओवाळले म्हणजे भावाचे मरण टळते, असे आपण ऐकत आलो. दादा पाटावर बसला. मी निरांजन उचलले तोच त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि एकदम हाताने ताम्हण उडवले.

“तू माझी बहीण नव्हेस. तिचं रूप घेऊन आली आहेस. ती म्हणते, हिच्या दिव्यात विष आहे.”

तेल रांगोळीत सांडले. मी काही बोलले नाही. बोलणार तरी काय? मी त्याची बहीण आहे, याचा पुरावा माझ्यापाशी काय होता? चेहरा होता, आवाज होता, पंधरा-सोळा वर्षांच्या आठवणी होत्या. तो म्हणत होता की हे सारे चोरलेले आहे.

वेदांती लोक दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टांत देतात. अंधारात दोरी पाहून माणूस घाबरतो; कोणी दिवा आणला की साप नाहीसा होतो. दुधाच्या दिवशी तसेच झाले. दिवा आला आणि साप गेला. पण त्या भाऊबिजेला दिवा माझ्याच हातात होता, आणि दादाला त्या दिव्यातच साप दिसला. भ्रम या शब्दाचा अर्थ मी कोशातून शिकले नाही. तो तेव्हा समजला.

आठवड्याच्या आत आम्ही त्याला नांदेडला नेले. डॉक्टर पोक्त होते आणि घाईत नव्हते. त्यांनी दादाशी तासभर एकट्याने बोलून घेतले. मग आम्हाला सांगितले की याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठीत छिन्नमनस्कता. हा मेंदूचा आजार आहे, कोणाचा शाप नव्हे आणि कोणाची कृपाही नव्हे. गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतील. आई सारे ऐकत होती. शेवटी तिने भीत भीत विचारले, “साहेब, मीबी रोज देवीशी बोलते. मग मलाबी हाच रोग हाय का?”

मला वाटले, ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, “तुमची देवी काय म्हणते?”

आई गोंधळली. “देवी काय म्हणंल? ती काहीच म्हणत नाही. आपणच म्हणायचं.”

“आणि ह्याला गोळ्या द्यायच्या की नाही, हे कोण ठरवणार? देवी?”

“ती कशाला ठरवंल? पोरगं माझं हाय. मी ठरवणार.”

“मग तुमचं ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “ह्याची देवी बोलते, आणि ह्याला काही ठरवू देत नाही.”

घरी आल्यावर आईने एक रिकामा डबा घासूनपुसून घेतला, गोळ्या त्यात ठेवल्या आणि डबा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. औषधाला गंगाजल आणि वैद्याला नारायण मानण्याची आपली जुनी समजूत आहेच. तिला ती आयतीच कामी आली. सांजवात झाली की ती दादाच्या तळहातावर गोळी ठेवी, तीर्थ द्यावे तशी. पण तिने कधी त्याला फसवले नाही. “प्रसाद आहे” असे ती म्हणत नसे. “गोळी हाय, घे” म्हणे. पहिले महिने कठीण गेले. त्याला सारखी झोप येई, हात कापत, जिभेला जडपणा येई. मग देवीचा आवाज हळूहळू लांब गेला. जसा गाडीचा आवाज स्टेशन सोडल्यावर लांब जातो, असे त्याने पुढे मला सांगितले.

तिसऱ्या वर्षी परगावचा एक बुवा आमच्याकडे आला. गोळ्यांनी देवता कोपली आहे, त्या गोदावरीत सोडा आणि एकवीस गुरुवार माझ्याकडे या, असे त्याने सांगितले. नातेवाईकांनी जोर लावला. आम्ही गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात दादा पुन्हा कोपऱ्याकडे पाहू लागला. या वेळी आईला कोणी शिकवावे लागले नाही. बुवा पुन्हा आला तेव्हा ती दारातच उभी राहिली. “माझी देवी मला कधी असलं काही सांगत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला कसं काय सांगते?”

मी पुढे मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेत मिशिगन राज्यात यप्सिलँटी नावाचे गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात १९५९ साली मिल्टन रोकीच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तीन रुग्णांना एकत्र ठेवले. तिघांचीही ठाम समजूत एकच होती, की येशू ख्रिस्त तो मीच. तिघे समोरासमोर आले म्हणजे भ्रम फुटेल, अशी त्याची अटकळ होती. दोन वर्षे गेली. एकाचाही भ्रम फुटला नाही. त्यांतला एक म्हणे, हे दोघे मनोरुग्णालयात आहेत, याचाच अर्थ ते वेडे आहेत! पुढे रोकीचनेही कबूल केले, की विज्ञानाच्या नावानेसुद्धा दुसऱ्याच्या आयुष्यात देव होऊन बसण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. मला त्याच्या प्रयोगापेक्षा ही कबुली मोठी वाटते.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत भ्रमाची व्याख्या करताना, माणूस ज्या समाजात वाढला त्या समाजाची सर्वमान्य श्रद्धा बहुधा वगळलेली असते. माझा मुलगा याला पळवाट म्हणेल. थोडीशी आहेही. आणि त्याच्या हाती याहून अवघड एक मुद्दा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. ज्या देवाला रात्री निरोप दिला त्याने पहाटे वाचवले नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरी माझ्या आईची श्रद्धा तसूभर हलली नाही. पुराव्याने जी हलत नाही ती समजूत म्हणजे भ्रम, तर मग आजीची कोणती?

या प्रश्नाला माझ्यापाशी चोख उत्तर नाही. देवी आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. मला आठवते ते एवढेच, की त्या सकाळी बातमी कळल्यावर आईने तसबिरीकडे पाहिले आणि म्हणाली, “काय केलंस गं हे?” मग भाकरी थापायला बसली. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या किती घरांतून भाकरीची गाठोडी तिकडे गेली याची गणती नाही. देवीकडून उत्तर आले नाही आणि तिने उत्तराची वाट पाहिली नाही. नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला भांडून सोडले, त्याला नावे ठेवली. ती आपली जुनी परंपराच आहे. आईला देवीवर रुसता येत असे. देवी आणि ती यांच्यामध्ये जागा होती. दादाला ती जागा उरली नव्हती.

म्हणून श्रद्धेला सरसकट आजार म्हणवत नाही, आणि तिला सरसकट निर्दोषही म्हणवत नाही. आमच्या श्रद्धेनेच दादाची दोन वर्षे खाल्ली. तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या पुण्याईने बरे होतील म्हणून आणलेले मनोरुग्ण आसपासच्या खासगी आश्रमांत साखळदंडांनी बांधून ठेवलेले असत. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे त्यांतल्या एका आश्रमाला आग लागली. पळता न आल्यामुळे २८ जण जळून मेले. त्याच जगात बेल्जियममध्ये खेल नावाचे गाव आहे. तिथल्या संत डिम्फनाच्या देवळात मनोरुग्ण नवसाला येत. देवळात जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. शेकडो वर्षे झाली, पाहुणा म्हणून रुग्णाला घरात ठेवण्याची ती रीत तिथे अजून आहे. आता तिच्या जोडीला दवाखाना आणि डॉक्टर आहेत. दोन्हीकडे नवसच होता. एका ठिकाणी त्याची साखळी झाली, दुसऱ्या ठिकाणी पाट मांडला गेला.

आपल्याकडे हा फरक डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर सांगितला. ते स्वतः डॉक्टर. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या या माणसाला गोळ्या घालून मारण्यात आले. ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधापासून अडवून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरवले. यात्रा, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हातही लावला नाही. आमच्या आईने दारात उभे राहून बुवाला जो प्रश्न विचारला, तोच त्या कायद्याने सरकारी भाषेत विचारला आहे, असे मला वाटते. देव गप्प आहे तोवर कोणाचे बिघडत नाही. कोणी त्याच्या वतीने बोलू लागला आणि त्याला उलट विचारायची सोय उरली नाही, की तिथून भ्रम सुरू होतो. मग तो एका आजारी मुलाचा असो की हजारो शहाण्यांचा.

आई जाऊन सहा वर्षे झाली. देव्हारा आणि दादा, दोघेही माझ्याकडे आले. आमच्या ह्यांनी कधी कुरकुर केली नाही, हे माझे भाग्य. दादा आता पन्नाशीला टेकला आहे. अडत दुकानात हिशेब लिहितो. त्याच्या बेरजेत चूक सापडत नाही. हात अजून थोडे कापतात.

गेल्या भाऊबिजेला पाटावर तो बसला होता आणि शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन माझा मुलगा. मी ओवाळले. त्या दिव्याने दादाच्या आयुष्यात एक दिवसही वाढत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. दिवस वाढवते ती डब्यातली गोळी. तरी ज्या वर्षी ताम्हण उडाले त्या वर्षापासून, दिवा त्याच्या चेहऱ्याभोवती फिरताना माझा श्वास रोखलेला असतो आणि त्याने मान खाली घालून कुंकू लावून घेतले की तो सुटतो. याला मुलाने काय म्हणायचे ते म्हणावे.

ओवाळणी टाकून झाल्यावर दादा भाच्याला म्हणाला, “परवा तू आईला विचारत होतास ते मी ऐकलं. तुझी आजी देवीवर रुसायची. मला रुसता येत नव्हतं. एवढाच फरक होता.”

मुलगा वरमला. “मामा, तू आता देवाला नमस्कार का करत नाहीस? तुझाही विश्वास उडाला का?”

“विश्वासाचं मला काही कळत नाही,” दादा म्हणाला. “तुम्ही हात जोडता आणि उठून कामाला लागता. मी हात जोडले की माझे कान उघडतात. ते बरं नाही. म्हणून मी नुसता दिवा लावतो.”

मग तो उठला, देव्हाऱ्यापाशी गेला, डबा काढून गोळी घेतली आणि झोपायला गेला.

रात्री मी फराळाची भांडी आवरत होते. मागे वळून पाहिले तो मुलगा देव्हाऱ्यापुढे उभा. हात जोडलेले नव्हते. त्याची मला अपेक्षाही नव्हती. त्याने डबा उघडला होता आणि दिव्याच्या उजेडात तो गोळ्या मोजत होता.

“आई,” तो म्हणाला, “चारच उरल्यात. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जाऊन घेऊन येतो.”